सरजोड

पंचनाम्याच्या तिसऱ्या पानावर तो शब्द होता. ‘मागील दोन्ही बाजूंच्या चाकांना सरजोड केल्याचे दिसून आले.’ मी ते वाक्य दोनदा वाचलं. जमादाराचं मराठी सरकारी असतं हे ठाऊक होतं, पण सरकारी मराठीतही हा शब्द कधी भेटला नव्हता. शनिवारची सकाळ होती. दुसरा तास संपवून मी प्रयोगशाळेत आलो होतो आणि टेबलावर पोलिसांनी गोणपाटात बांधून पाठवलेलं सामान पडलं होतं: मोठ्या ट्रकचे दोन ब्रेकड्रम, त्यांच्या आतले चार ब्रेकशू, प्रत्येकाला लाखेचं सील. चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकात मी ऑटोमोबाइल शिकवतो, त्यामुळे वर्षातून एखाद्या अपघाताची अशी तपासणी माझ्या गळ्यात पडते. ब्रेक गाडी थांबवायला पुरेसे होते का, एवढं गणितानं सांगायचं आणि खाली सही करायची. आमचे वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर गुणवंतराव गोणपाटाची सुतळी सोडत होते. त्यांना मी सहज विचारलं, हे सरजोड काय असतं? ते हसले. “कमाल करता सर. तुमाले सरजोड माहीत नाई? दोन शू असतात ना, त्यातल्या एकालेच नवं लायनर लावाचं, दुसऱ्याले जुनंच राहू द्याचं. सारे गॅरेजवाले करतात. कोन्यातरी सरनं शिकवलं म्हणते त्याईले, म्हणून सरजोड.” एवढं सांगून ते चहाला गेले. तो सर कोण हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी कुठेतरी आत बरं वाटलं. दोन जिल्ह्यांतल्या गॅरेजांत आपल्या नावानं काहीतरी चालतं! माणसाच्या हावरेपणाला वेळकाळ नसतो हेच खरं.

ब्याण्णव साल. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि नव्या मास्तराला जी खाज असते ती मला जरा जास्तच होती. बल्लारपूर रोडवर वहाबभाईंचं गॅरेज होतं, म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि पुढं ऑइलनं काळी झालेली जमीन. माझी लूना दुरुस्तीला टाकून मी तिथं बाकड्यावर बसलो होतो. वहाबभाई वैतागले होते. सीझन सुरू होता, बांबूचे आणि तांदळाचे ट्रक रांगेत उभे होते आणि नागपूरहून येणारं चांगलं लायनर आठ-आठ दिवस येत नव्हतं. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात, पेडल दाबलं की ते बाहेर फाकून फिरत्या ड्रमला घासतात, आणि घासणारी जी जाड पट्टी ती लायनर, इतपत सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी उठलो, खिशातला खडू काढला (तेव्हा माझ्या खिशात नेहमी खडू असे) आणि शेडच्या पत्र्याच्या दारावर एक मोठं वर्तुळ काढलं. म्हणालो, वहाबभाई, दोन्ही शू सारखं काम करत नाहीत. कोपऱ्यातली एक काठी घेऊन मी ती तिरकी पुढं रोवत चाललो, ती जमिनीत अडकली. मग तीच काठी मागं ओढत नेली, ती सुखानं घसरत आली. तसंच, म्हणालो, चाक पुढं फिरताना एका शूला ड्रम स्वतःच आत ओढून घेतो, तो आपोआप जास्त रुततो. दुसऱ्याला ड्रम ढकलून देतो. मग सूत्र लिहिलं, आकडे घातले, टॉर्क काढला. चार भागांतलं तीन भाग काम पहिला शू करतो. चार मेकॅनिक पान्हे हातात घेऊन ऐकत होते. असा वर्ग मला पॉलिटेक्निकात आजवर मिळाला नाही. “म्हणजे सर,” वहाबभाई म्हणाले, “चांगलं लायनर ह्या एकालेच लावलं तं चालते?” “चालते काय, धावते,” मी म्हणालो. सगळे हसले. तेवढ्याच अवधीत वहाबभाईंची बायको कनीज चहा घेऊन आली होती. मागं त्यांचं घरच होतं. ती दारावरच्या वर्तुळाकडं पाहत राहिली, मी काढलेल्या बाणाकडं, आणि म्हणाली, “अन् गाडी मागं गेली तं?”

हे मला इतकी वर्षं आठवलं नव्हतं, असं म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे ते मी आठवू दिलं नव्हतं. मला उत्तर माहीत नव्हतं. पुस्तकातलं सगळं गणित पुढं जाणाऱ्या गाडीचं होतं, परीक्षेत तेच यायचं, आणि मी तेच उत्तम गुणांनी पास झालो होतो. दोन मिनिटं थांबलो असतो, बाण उलटा काढला असता, तर तिथल्या तिथं कळलं असतं. पण पाच माणसं बघत होती. मी म्हणालो, “भाभी, रिव्हर्समध्ये ट्रक कोण चालवते?” पुन्हा सगळे हसले. कनीजही हसली आणि रिकामे ग्लास घेऊन आत गेली.

‘माहीत नाही’ हे दोन शब्द मला कधीच म्हणता आले नाहीत. नागपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला माझ्या आधीच्या मुलाला गिअरचं काहीतरी विचारलं. तो केस मागं सारत आरामात म्हणाला, “माहीत नाही सर.” बाहेरून आलेले परीक्षक हसून म्हणाले, “अरे, जरा वाचत जा.” मग माझी पाळी. मलाही तोच प्रश्न, मलाही येत नव्हतं, मीही तेच म्हणालो. परीक्षकांनी समोरच्या यादीत माझं आडनाव शोधलं, त्यापुढचा रकाना पाहिला आणि शेजारच्याकडं बघून फक्त मान हलवली. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर भांडता आलं असतं. त्या दिवशी मला कळलं की त्या मुलाचं ‘माहीत नाही’ त्याच्या एकट्याचं आहे आणि माझं आमच्या सगळ्यांचं: डेपोत लाकडं मोजणाऱ्या सोमाजीचं, म्हणजे माझ्या बापाचं, छप्पन साली आजानं दीक्षा घेतली तेव्हापासून शाळेत गेलेल्या प्रत्येकाचं. त्यानंतर मी अडलो नाही. जे येत होतं ते सांगितलं, जे येत नव्हतं ते दुप्पट ठासून सांगितलं. पोरं मला हुशार म्हणतात. त्यातला अर्धा भाग तरी हा ठासण्याचा आहे.

गुणवंतराव चहाहून आले तेव्हा मी सील फोडून शू मोजायला घेतले होते. एकाचं लायनर नवं, खडबडीत, राखाडी. दुसऱ्याचं जुनं, घासून घासून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. बोट फिरवलं तर सरकत जात होतं. दुसऱ्या चाकातही तसंच. अपघात कुरखेड्याच्या पुढच्या घाटात झाला होता, मार्च महिन्यात, भर दुपारी. तांदळाची पोती भरलेला ट्रक चढ चढताना बंद पडला. ड्रायव्हर आरिफनं पेडल दाबलं, हँडब्रेक ओढला, तरी गाडी मागं सरकू लागली आणि पन्नासेक फूट मागं येऊन बांधाला अडकली. मागून कोलू नावाचा माणूस सायकलवर मोहफुलांचं पोतं लादून, सायकल हातानं ढकलत चढत होता. त्यानं उडी मारली, पण एक पाय राहिला. गुडघ्याखालून काढावा लागला. ब्रेकचं काम आठच दिवसांपूर्वी वहाबभाईंच्या गॅरेजात झालं होतं. आरिफ कोठडीत होता आणि वहाबभाईंच्या शेडला कुलूप होतं. दोघांपैकी कुणावर गुन्हा ठेवायचा ते माझ्या अहवालावर ठरणार होतं. सोमवारी द्यायचा होता.

मी आधी पुढं जाणाऱ्या गाडीचं गणित केलं. नव्या शूचा टॉर्क सोळाशे, जुन्याचा चारशे, मिळून दोन हजार. दोन्ही लायनर नवी असती तर साडेएकवीसशेच्या आसपास. फरक सात-आठ टक्क्यांचा, म्हणजे काहीच नाही. मला माझ्या तरुणपणच्या गणिताचं कौतुक वाटलं. मग कागद उलटा केला आणि बाण उलटा काढला. ट्रक मागं येतो तेव्हा चाक उलटं फिरतं, आणि दोघांची कामं बदलतात. ज्याला ड्रम आत ओढून घेतो तो आता तो गुळगुळीत, जुना शू. त्याच्या वाट्याला सहाशे. नव्या लायनरवाल्याला ड्रम ढकलून देतो, त्याचे साडेपाचशे. एकूण साडेअकराशे. पुढं जाताना होता त्याच्या जवळजवळ निम्मा, आणि तोही चढावर, जिथं भरलेल्या गाडीचं सगळं वजन मागच्याच चाकांवर येतं. गणिताला सात मिनिटं लागली. ब्याण्णव साली मला कुणी सात मिनिटं नाकारली नव्हती.

तपासणीच्या छापील फॉर्मात एकच रकाना असतो, ‘ब्रेकची क्षमता’. कोणत्या दिशेची ते विचारलेलं नसतं. दोन हजार लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. ब्रेक पुरेसे होते, म्हणजे मेकॅनिक सुटला, म्हणजे सरजोड सुटला, म्हणजे मीही सुटलो. पेन हातात धरून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. गुणवंतरावांनी खिडक्या लावायला सुरुवात केली तेव्हा उठलो.

वहाबभाई शेडमागच्या घरी पलंगावर बसून रेडिओचा सेल कपड्यानं पुसत होते. अकरा वर्षांत दाढी पांढरी झाली होती. मी मधून मधून भेटत होतो, पण हे घर कधी आतून पाहिलं नव्हतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, माझ्याकडं न पाहता म्हणाले, “सर, तुमी फिकर नका करू. म्या पोलिसाईले सांगतलं का माझ्या मनानं केलं. तुमचं नाव नाई घेतलं अन् घेत बी नाई.” मी विचारलं, काऊन? “काऊन म्हणजे? तुमी नेक माणूस. पोट्टे शिकवता. गरिबाघरचे पोट्टे तुमच्या हातून इंजिनेर होऊन राह्यले. माझं काय, म्या पान्हा सोडून भाजी बी विकीन.” मला त्यांचा राग आला. कुणी इतकं चांगलं वागलं की आपल्याला लपायला जागा उरत नाही. मी फॉर्मातल्या रकान्याचं सांगितलं. पुढच्या दिशेचा आकडा तेवढा लिहिला तर तुम्ही सुटता, असं म्हणालो. आवाज अगदी वर्गातला, शांत. वहाबभाईंचा चेहरा उजळला. “असं होते?” कनीज दारात उभी होती. तिचेही केस पिकले होते. ती म्हणाली, “मंग आरिफचं काय होईन?”

ती आत गेली, पाणी घेऊन आली, माझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, मी तवाच इचारलं होतं. माझी तयारी होती, जवळजवळ इच्छाच होती. पण तिच्या ते लक्षातही नसावं. ज्यानं प्रश्न हसण्यावारी नेला त्याच्याच छातीत तो अकरा वर्षं बसून राहतो, विचारणारा मोकळा असतो. पाणी पिऊन मी विचारलं, आणखी कोण करतं हे? वहाबभाई बोटं मोडू लागले. “इथले दोघं-तिघं. त्याईले म्या बंद कराले लावलं. राजुऱ्यात बिरजू आहे, त्या हिसाबानंतर माझ्याच हाताखाली शिकलेला. सगळ्यात जास्त तोच करते. त्याले फोन केलो तं म्हणते, वहाबभाई, सरचं गणित तुमच्यापेक्षा पक्कं आहे.”

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहिला. दोन्ही दिशांचे आकडे लिहिले, बाणांसकट. शेवटी एक परिच्छेद टाकला: ही पद्धत सन १९९२ मध्ये मी स्वतः सदर गॅरेजमध्ये सूत्रासह शिकवली, मागे येणाऱ्या गाडीविषयी मला त्या वेळी विचारण्यात आले होते व मी त्याचे उत्तर दिले नाही. सरिता, माझी बायको, भाजी निवडत बसली होती. मी कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं वाचला. तीही शाळेत शिकवते, आधी शुद्धलेखन बघते. “नोकरी जाईन का?” तिनं विचारलं. मी म्हणालो, बहुतेक नाही. चौकशी होईल, वर्तमानपत्रात येईल. ती म्हणाली, “लोकं म्हणतीन, बघा, ह्याईले जमत नाई.” तेच, नेमकं तेच, ज्याला मी पंधरा वर्षं घाबरलो होतो. तिनं ते इतकं सरळ म्हटलं की मला हसू आलं. मग तिनं कागद परत दिला. “म्हणू दे. सकाळी बिरजूकडं जाजो.”

रविवारी स्कूटर काढली. वर्धेचा पूल ओलांडला, कोळशाचे डंपर चुकवत राजुऱ्याला पोचलो. बिरजूचं गॅरेज मोठं होतं, तीन ट्रक उभे. तो तिशीचा, चपळ, हात चालू ठेवून बोलणारा माणूस. मी म्हणालो, सरजोड बंद करा, मागं येताना ब्रेक निम्मा होतो. तो चाकाखालून बाहेर न येताच म्हणाला, “तुमी कोन? आरटीओचे का?” नाही म्हणालो. “मंग कायले सांगून राह्यले बाप्पा? हे सरचं आहे. दारावर हिसाब काढून देल्ला होता त्याईनं. तुमच्यासारखे लय येतात.” मी म्हणालो, तो सर मीच. आता तो बाहेर आला आणि त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “सर तं नागपूरले गेले म्हणते. तिकडंच खपले.” मला आयुष्यात पहिल्यांदाच माझा मृत्यू इतका उपयोगी वाटला, मेलेल्या सराला कुणी खोडू शकत नव्हतं. मी त्याच्याकडून खडू मागितला. नव्हता. मग जमिनीवरच्या धुळीत बोटानं वर्तुळ काढलं, बाण पुढचा, मग बाण उलटा, आणि आकडे. बिरजू उकिडवा बसून बघत होता. त्याला सात मिनिटंही लागली नाहीत. “अरे बाप्पा,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “मंग सर, तुमी तवाच काऊन नाई सांगतलं?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो.

मला वाटलं होतं, हे वाक्य तोंडातून निघताना काहीतरी मोडेल. काही झालं नाही. शेजारी कुणीतरी टायरला हातोडा मारत होतं, ते मारतच राहिलं. बिरजूनं चिंधीनं हात पुसले, पण त्याचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. त्याचा चेहरा पडला होता. “सर, आत्ताच एक गाडी गेली. रेशनचा तांदूळ घेऊन जिवतीले. कालच सरजोड मारून देल्ला. जंगू ड्रायव्हर आहे. घाट लागते तिकडं.” गाडी जाऊन किती वेळ झाला? “अर्धा तास.” त्याच्या स्कूटरमध्ये पेट्रोल नव्हतं, माझीत होतं. मी नंबर विचारून घेतला आणि निघालो.

गडचांदूर मागं पडेपर्यंत मी स्वतःशी शांतपणे हिशेब करत होतो: भरलेला ट्रक ताशी तीस, मी पन्नास, घाटाच्या आधी गाठायला हवं. नाही गाठता आलं. ट्रक दिसला तेव्हा तो पहिला चढ चढत होता. रस्ता अरुंद, एका बाजूला सागाचं रान, दुसऱ्या बाजूला खोल. मी जवळ गेलो आणि हॉर्न वाजवला. ही माझी दुसरी मोठी चूक. जंगूला वाटलं मला पुढं जायचंय. त्यानं साइड द्यायला गाडी हळू केली. मागचे लाल दिवे लागले. ट्रक थांबला. माझ्यापासून दहा फुटांवर, चढावर, थांबला, आणि हातभर मागं आला. मला सूत्र आठवलं नाही. पंचनाम्यातली एक ओळ आठवली, ‘सायकल एक, जुनी, कॅरियर वाकलेले’, आणि मला कळलं की कोलू नेमका इथं उभा होता, इथंच, पोत्यांच्या या अशा भिंतीकडं बघत, आणि त्याच्या हातात पोत्याचं वजन होतं म्हणून त्याला लवकर वळता आलं नव्हतं. मला वळता येत होतं. तरी मी वळलो नाही, का ते सांगता येणार नाही. मला फार भीती वाटत होती आणि मी हॅंडल धरून उभा होतो. मग गिअर पडल्याचा आवाज आला, धूर आला, ट्रक थरथरला आणि पुढं गेला.

त्यानंतर मी हॉर्न वाजवला नाही. लांब राहून त्याच्या मागं मागं पूर्ण घाट चढलो. वर पठार लागलं, दोन्ही बाजूंना तुरीची कापून झालेली शेतं, रस्ता तळहातासारखा सपाट, तेव्हा ट्रक ओलांडून हात केला. जंगूनं गाडी थांबवली. पन्नाशीचा, गळ्यात दस्ती गुंडाळलेला, शांत माणूस. खिडकीतून वाकून त्यानं विचारलं, “काय झालं भाऊ? सामान पडलं का?”

“तुमच्या मागच्या चाकांत चूक आहे,” मी म्हणालो. “बिरजूची नाही. माझी आहे. गाडी मागं आली तर थांबणार नाही. असंच घाटात परत जाऊ नका, चढावर उभी करू नका, आधी लायनर बदलून घ्या.” श्वास लागला होता, शब्द एकमेकांवर पडत होते, वर्गात मी असा कधीच बोललो नसेन. मी कोण, कुठला, काहीच सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नाही. मग त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, रस्त्याच्या कडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि त्या सपाट रस्त्यावर मागच्या चाकाला लावून ठेवला.